डेव्हलपर तपकिरी झाला म्हणजे मेला? त्या फॉरवर्डला उत्तर

ब्लॅक अँड व्हाइट रोल घरी धुणाऱ्या पोरांमध्ये एक मेसेज फिरतोय, मलाच तिघांनी पाठवला. त्याचं म्हणणं असं की एक्स्पायर डेव्हलपर (फिल्मवरचं चित्र उठवणारं रसायन) तपकिरी झाला तर मेला, पाण्यासारखा स्वच्छ असेल तर बिनधास्त वापरा, नाहीच मिळाला तर कॉफी, खायचा सोडा आणि व्हिटॅमिन सीच्या गोळ्या घाला, कॅफिनमुळे फिल्म डेव्हलप होते, रिझल्ट सेम डी-७६ (नेहमीचा पावडरचा डेव्हलपर) सारखा, आणि विषारी अजिबात नाही. कॉफीने रोल धुता येतो एवढं खरं, बाकी सगळं घसरलंय.

आधी रंगाचं बघू. रोडिनल हा डेव्हलपर १८९१ सालचा, त्याची जुनी बाटली उघडली की कोऱ्या चहापेक्षा काळं निघतं आणि तरी रोल झकास धुतं. कालवलेला डी-७६ तपकिरी झाला तर मात्र खरंच ओतून द्या. व्हिटॅमिन सीवर चालणारे डेव्हलपर त्याच्या उलट, मरताना रंगच बदलत नाहीत. मी तिथेच आपटलो, बाटली अर्धीच भरलेली, वर सगळी हवा (चूक माझीच), आतलं पाणी एकदम नितळ, म्हणून दिवे घाटातल्या पालखीचा रोल टाकला आणि टँक उघडला तर काचेसारखी पट्टी. फ्रेम तर नाहीतच, कडेचे नंबरपण नाहीत. ते नंबर फॅक्टरीतच एक्स्पोज होऊन येतात, नुसते नंबर दिसले असते तर कॅमेऱ्याला शिव्या घातल्या असत्या.

म्हणून रंग सोडा, लीडर (रोलचं बाहेर राहणारं, उजेड लागलेलं टोक) कापा. दोन बोटं तुकडा, उजेडातच, कपात तयार डेव्हलपर घेऊन त्यात बुडवा (तो कप परत चहाला नको). काही मिनिटांत कोळशासारखा काळा झाला तर जीव आहे, करडा होऊन थांबला तर महत्त्वाचा रोल टाकू नका. किती मिनिटं धुवायचं हे मात्र यातून कळत नाही.

आता कॉफी. हे १९९५ मध्ये अमेरिकेत रोचेस्टरला स्कॉट विल्यम्स यांच्या क्लासमध्ये निघालं, आणि काम कॅफिन करत नाही, कॅफेइक अ‍ॅसिड करतं. सोडा धुण्याचा लागतो, खायचा नाही, त्यात तेवढा अल्कलीपणाच नसतो. नेहमीचं माप लिटरला ५४ ग्रॅम धुण्याचा सोडा, १६ ग्रॅम व्हिटॅमिन सी, ४० ग्रॅम इन्स्टंट कॉफी, २० डिग्रीला साधारण १५ मिनिटं. पण ५४ ग्रॅम कोरड्या पावडरचं, खडे आणले तर त्यात निम्म्याहून जास्त पाणीच असतं, ते १४५ ग्रॅमच्या आसपास घ्यावे लागतात, बहुतेकांचं इथेच फसतं आणि मग कॉफीला नावं ठेवतात. माप शुद्ध कॉफीचं आहे, चिकोरीवालं पाकीट नको. गोळ्यापण नकोत, १६ ग्रॅम म्हणजे ५०० मिलिग्रॅमच्या ३२ गोळ्या आणि सोबत साखर-रंग फुकट, सरळ अस्कॉर्बिक अ‍ॅसिडची पावडर आणा.

सेम डी-७६? नाही हो. निगेटिव्हवर तपकिरी झाक येते, ४०० स्पीडच्या फिल्मवर फॉग (सगळीकडे करडेपणा) चढतो. आणि डी-७६च पाहिजे तर तोच घरी करा ना, १९२७ पासूनचा फॉर्म्युला उघडा आहे, लिटरला मेटॉल २ ग्रॅम, सोडियम सल्फाइट १००, हायड्रोक्विनोन ५, बोरॅक्स २. चिमूटभर सल्फाइट, मग मेटॉल, ते पूर्ण विरघळल्यावर बाकीचं, कारण भरपूर सल्फाइटमध्ये मेटॉल विरघळायला लई त्रास देतं. काटा ०.१ ग्रॅम दाखवणारा हवा, किचनचा नाही.

राहिलं विषारी. मेटॉलने कातडी उठते, कॉफीने तेवढी नाही, हे मान्य. पण धुण्याचा सोडा हाताला झोंबतोच, आणि कॉफीनंतर रोल जातो त्याच हायपोत (चित्र पक्कं करणारं रसायन), वापरलेल्या हायपोत चांदी उतरते, डेव्हलपर कुठलाही असो. मेसेजमध्ये हायपोचं नावसुद्धा नाही.