आधी मेमो दाखवा, मग युनियनला शिव्या द्या

गेल्या महिन्याभरात एकच मेसेज मला चार ग्रुपवर आला. मजकूर थोडक्यात असा: 'युनियन लागली की कामचुकाराला कुणी हात लावू शकत नाही. काढलं तर कोर्ट मागच्या पगारासकट परत घ्यायला लावतं. युनियन नेहमी आळशाच्याच बाजूने उभी राहते. सोलापूरच्या गिरण्यांच्या चिमण्या युनियननेच विझवल्या. युनियन नाही तिथे बघा, माणसं कशी सरळ असतात.' खाली हात जोडलेले आणि 'पटलं तर पुढे पाठवा.'

मला पटलं नाही. मी सत्तावीस वर्षं पर्सोनेलमध्ये काढली, म्हणजे चौकशीच्या टेबलाच्या मालकाकडच्या बाजूला. चार्जशीटा मी लिहिल्या, नोटिसा मी चिकटवल्या आणि गेटवर माझ्या नावाच्या मुर्दाबादच्या घोषणाही ऐकल्या. त्यामुळे हा युनियनचा माणूस आहे असं समजून कुणी पुढचं वाचू नये.

'हात लावू शकत नाही' इथपासून सुरू करू. कामात सतत हलगर्जीपणा, वारंवार उशिरा येणं, विनारजा खाडे, मुद्दाम काम हळू करणं, हे सगळं स्थायी आदेशांत, म्हणजे आपल्या स्टँडिंग ऑर्डरमध्ये, गैरवर्तन म्हणून लिहिलेलं आहे. त्यासाठीचा केंद्राचा कायदा १९४६ सालचा होता; त्याची जागा घेणाऱ्या नव्या संहितेबद्दल पुढे. ताकीद देता येते, चार दिवसांपर्यंत कामावरून घरी बसवता येतं आणि शेवटी बडतर्फही करता येतं. वाट ठरलेली आहे: लेखी आरोप, उत्तराला मुदत, चौकशी, साक्षी, मग हुकूम. युनियनना मान्यता देणाऱ्या आणि मालक-युनियन दोघांच्या अनुचित प्रथा रोखणाऱ्या महाराष्ट्राच्या १९७१ च्या कायद्याने, ज्याला आम्ही सगळे पल्प ॲक्ट म्हणतो, युनियनच्या माणसाला या चौकशीत कामगाराच्या वतीने बसायचा हक्क दिला. बसायचा हक्क, चौकशी थांबवायचा नाही. त्याच कायद्यात युनियनने करायच्या नाहीत अशा गोष्टींची यादी आहे आणि कामगारांना मुद्दाम 'गो स्लो' करायला लावणं त्या यादीत आहे. मेसेज लिहिणाऱ्याने ते पान उघडलेलं दिसत नाही.

शिवाय कामगाराचं संरक्षण युनियनमधून येतं हेच मुळात चूक. १९६५ साली औद्योगिक विवाद कायद्यात कलम २अ आलं, तेव्हापासून काढून टाकलेला एकटा माणूससुद्धा, युनियन असो नसो, स्वतःचा वाद उभा करू शकतो. म्हणजे उद्या गेटवरचा झेंडा उतरला तरी चौकशी न करता काढलेल्या माणसाचं प्रकरण कोर्टात तितकंच उभं राहणार.

मग कारवाई अडते कुठे? एक चौकशी सांगतो. टॉवेलचा कारखाना, नाव सोडा. आरोप: उत्पादन कमी, काम निष्काळजीपणे. चार्जशीट मीच लिहिलेली. साक्षीला सुपरवायझर. समोर युनियनचे कार्याध्यक्ष, सगळे त्यांना अण्णा म्हणत, शिक्षण सातवीपर्यंत. सुपरवायझर म्हणाला, "हा नेहमीच असं करतो."

अण्णांनी विचारलं, "नेहमी म्हणजे कुठल्या तारखेला, साहेब?"

तारीख नव्हती. पाळी कुठली, माग कुठला, सूत कुठलं, शेजारच्या मागावर त्या दिवशी किती निघालं, यातलं काहीच नव्हतं. मग अण्णांनी फाईलमधून एक कागद सरकवला. त्याच माणसाचा त्याच वर्षीचा पगारवाढीचा फॉर्म. शेरा: 'काम समाधानकारक.' खाली सही याच सुपरवायझरची. खोलीत पंख्याचा आवाज तेवढा येत होता. सुपरवायझर माझ्याकडे बघत होता आणि मी त्या फॉर्मवरच्या दुसऱ्या सहीकडे. ती माझी होती.

ती केस आम्ही हरलो. मालकांनी खापर युनियनवर फोडलं. मीही मान डोलावली, कारण दुसरं काय सांगणार होतो!

त्यानंतर शेडमध्ये आम्ही शंभर पानी वही ठेवली. दोन-तीन वर्षांत त्या वहीने आम्हाला बरंच शिकवलं. रोज चारच रकाने: माग नंबर, सूत, किती निघालं, अडलं असेल तर कशामुळे. पहिल्या दोन महिन्यांतच एक गंमत उघड झाली. ज्याला सगळे ढिला म्हणत त्याच्या मागाचा बीमच, म्हणजे ताण्याचं सूत गुंडाळलेला रूळच, खराब होता. दुसऱ्या कुणालाही त्या मागावर उभं केलं की आकडा तेवढाच पडे. त्या माणसाची आम्ही वर्षभर विनाकारण अब्रू काढली होती. दुसरा एक मात्र खरोखर सापडला. दिवसा रिक्षा चालवायचा आणि तिसऱ्या पाळीत येऊन बॉबिनच्या पेट्यांमागे झोपायचा. त्याला तारीखवार मेमो गेले, एकदा चार दिवस बसवलं आणि मग चार्जशीट. चौकशीत अण्णाच त्याच्या बाजूला बसले. मेमो एकेक करून वाचले, चष्मा काढला आणि त्याला म्हणाले, "बाबा, यात मी काय बोलू?" बोलले मात्र. घरची अडचण सांगितली, शिक्षा कमी करा म्हणाले, आणि ते त्यांचं कामच होतं. पण गेटवर सभा झाली नाही. तो हिशोब घेऊन गेला.

'युनियन आळशाच्याच बाजूने' या मुद्द्याचं माझ्या मते एवढंच उत्तर पुरे. वकील आरोपीच्या बाजूने बोलतो म्हणून कुणी न्यायालय बंद करा म्हणत नाही. आणि लोक एक विसरतात: चार माग सांभाळणाऱ्याने टाळाटाळ केली की त्याचा भार शेजारच्यावर पडतो, आणि तो शेजारीही वर्गणी भरणारा सभासदच असतो. अण्णांकडे कामचुकारांच्या तक्रारी माझ्याआधी पोचायच्या. सगळ्या युनियन अशा असतात असं मी म्हणणार नाही. भाच्याला वाचवायला तीनशे माणसं गेटवर बसवणारे पुढारीही पाहिलेत, आणि रात्री साडेदहाला येणारे 'जरा बघा की' छापाचे फोनही घेतलेत. पण फोन येतो तो कागद कच्चा आहे हे समोरच्याला ठाऊक असलं की.

आता कोर्ट. इथे मेसेजात अर्धं खरं आहे, म्हणून जरा थांबतो. शिक्षा जास्त वाटली तर ती कमी करायचा अधिकार १९७१ च्या दुरुस्तीने, कलम ११अ घालून, कामगार न्यायालयांना मिळाला. त्याचा जाच मीही सोसला आहे. पण 'नेहमी परत घ्यायला लावतं' हे खोटं. कामावर झोपण्याचीच दोन प्रकरणं घ्या, दोन्ही महाराष्ट्रातली, दोन्ही सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेली. कलर-केम कंपनीचं पहिलं. रात्रपाळीत यंत्र चालू असताना झोपलेल्या कामगारांना बडतर्फ केलं होतं. १९९८ साली कोर्ट म्हणालं, या चुकीला ही शिक्षा धक्का बसावा इतकी जास्त आहे. दुसरं पुण्याच्या भारत फोर्जचं. २६ ऑगस्ट १९८३ ला सकाळी ११ वाजून ४० मिनिटांनी एक मदतनीस कामाच्या जागी लोखंडी प्लेटवर गाढ झोपलेला सापडला. २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याची बडतर्फी कायम केली. मोठा फरक असा की दुसऱ्या प्रकरणात त्या माणसाच्या नावावर आधीची तीन गैरवर्तनं लेखी होती आणि तिन्ही वेळा किरकोळ शिक्षा देऊन त्याला संधी दिलेली होती. कंपनीकडे वेळसुद्धा मिनिटासकट लिहिलेली होती. आमच्याकडे 'नेहमी' होतं.

बावीस वर्षं लागली, हे तुम्ही म्हणायच्या आधी मीच म्हणतो. १९८३ ते २००५. ही खरी दुखरी जागा आहे आणि तिथे मालकाची चीड मला समजते. पण तारखांवर तारखा पडणं हा न्यायालयांचा प्रश्न आहे. जमिनीच्या दाव्यांनाही तेवढीच वर्षं लागतात आणि तिथे कुठलीही युनियन नसते. आपल्या हातातला उशीर वेगळाच. चौकशी अधिकारी नेमायला चार महिने, साक्षीदाराला सुट्टी म्हणून दोन महिने, आणि निलंबित माणसाला तोवर पहिले ९० दिवस निम्मा पगार आणि पुढे पाऊण पगार निर्वाह भत्ता. काम न करता पाऊण पगार! हा कामचुकार कुणी पोसला?

नवे नियम आले आहेत म्हणून काही मालकमित्र खुशीत आहेत. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली आणि स्थायी आदेशांची सक्ती आता ३०० किंवा जास्त कामगारांच्या आस्थापनांनाच राहिली. सोलापुरात इतके कामगार असलेले कारखाने किती, ते मोजायला फार वेळ लागणार नाही. मला यात आनंदाचं काही दिसत नाही. गैरवर्तन म्हणजे काय याची छापील यादीच गेली, तर उद्या चार्जशीटमध्ये काय लिहिणार? यादी नाही म्हणून कोर्टाचा दरवाजा काही बंद होत नाही. त्याच संहितेत निलंबनानंतरची चौकशी साधारणपणे ९० दिवसांत संपवावी असंही म्हटलं आहे. त्याबद्दल मेसेज कुणी फिरवत नाही.

चिमण्यांचं थोडक्यात. १८७७ च्या जुन्या गिरणीपासून लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी, जाम यांच्यापर्यंत प्रत्येक गिरणीची कथा वेगळी आहे. पण जुनाट यंत्रं, नव्या गुंतवणुकीचा दुष्काळ आणि स्वस्त पॉवरलूमची स्पर्धा हे सगळीकडे येतं. संपांनी काहीच झालं नाही असं म्हणणाराही खोटं बोलतो. पण एका ओळीत चार गिरण्यांचं मर्तिक उरकणाऱ्याने निदान त्यांचे ताळेबंद बघावेत.

उरला शेवटचा मुद्दा: युनियन नाही तिथे माणसं सरळ. अक्कलकोट रोडच्या पॉवरलूम शेडमध्ये जाऊन बघा. बहुतेक ठिकाणी युनियन नावालाही नाही. तिथला मालक सांगेल, काम खराब केलं तरी याला काढता येत नाही, कारण पोरीच्या लग्नाला घेतलेली उचल अंगावर आहे. माणूस गेला की पैसा गेला. ही साखळी कुठल्या झेंड्याने घातली?

उलट विडी कामगार बायकांकडे बघा. लाल झेंडा सोलापुरात सगळ्यात घट्ट रोवलाय तो तिथे. रोज ब्रँचला जाऊन विड्या द्यायच्या, तपासणारा समोर बसून विड्यांचा कट्टा, म्हणजे जुडी, उलगडतो, वाकडी, सैल, पान फाटलेली विडी बाजूला काढतो. ती 'छाट'. कामाची इतकी कडक झडती कुठल्या एसीतल्या साहेबाची होत नसेल. भांडण होतं ते तपासणीवर नाही. चांगल्या विड्या छाटीत का टाकल्या, पानं खराब दिली तर छाट आमच्या माथी का, यावर होतं. विडी कामगारांच्या १९६६ च्या कायद्यात पानांच्या पुरवठ्यावरून आणि छाटीवरून होणाऱ्या वादांसाठी वेगळी तरतूद होती, ती उगाच नव्हती.

हे सगळं मी त्या चारपैकी जुन्या सहकाऱ्यांच्या ग्रुपवर याहून थोडक्यात लिहिलं. तासाभरात मेसेज पाठवणाऱ्याचाच फोन आला. आता त्याचा स्वतःचा छोटा कारखाना आहे. म्हणाला, "तुझं बरोबर असेल बे, पण माझ्याकडे एक जण आहे, दोन वर्षं छळतोय. सांग काय करू."

"शेवटचा मेमो कधी दिलास?"

"मेमो कशाला? तोंडी रोजच सांगतो की."