एकच वाट परत परत चालून बघा

नाशिकच्या आजूबाजूला इतके किल्ले आहेत की दर रविवारी नवीन गड करायचा म्हटलं तरी वर्ष पुरणार नाही, आणि हल्ली बऱ्याच ग्रुपचं तेच चाललंय, हरिहर झाला, साल्हेर झाला, कळसूबाईचं शिखर झालं, पुढचं काय? मला मनापासून वाटतं की या घाईत माणसं राहून जातात.

पांडवलेणीला सकाळी सहाला जाऊन बघा. रिटायर झालेले काका, अंबडच्या कंपनीतून नाइट करून थेट आलेली पोरं, भरतीची तयारी करणाऱ्या मुली. आडनाव, पगार कोणी विचारत नाही, पण एखादे काका चार दिवस दिसले नाहीत की बरोबर फोन जातो. आणि हे एकमेकांना धरून राहणं त्या डोंगराला जुनंच आहे बरं का. तिथल्या दहाव्या लेण्यात नहपान राजाचा जावई उषवदात याचा साधारण १९०० वर्षांपूर्वीचा शिलालेख आहे, त्याने ३००० कार्षापणं, म्हणजे तेव्हाची नाणी, गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे त्यांच्या व्यवसाय-संघांकडे ठेवली आणि व्याजातून लेण्यातल्या भिक्षूंच्या कपड्यालत्त्याची सोय लावली. गोवर्धन म्हणजे आपलंच, गंगापूरजवळचं!

श्रावणात तिसऱ्या सोमवारची ब्रह्मगिरीची फेरी केलीये ना? रात्रभर चिखलात अनवाणी चालणारी माणसं, कोणी घसरलं की दोन-तीन अनोळखी हात पुढे येतात, वाटेत कोणीतरी चहा हातात देतं, पैसे घेत नाही.

डोंगरातली वाट कोणा एकाची नसतेच. गुरं राखणारे, लाकूडफाटा आणणाऱ्या बाया रोज चालतात म्हणून ती टिकते, नाहीतर एका पावसाळ्यात गवत नि कारवी तिला गिळून टाकतात. आणि आपण बसेस भरून जायचं, स्पीकर लावायचा, खाली गावात कोण राहतं याचा पत्ता नाही, हे मला अजिबात पटत नाही.

म्हणून म्हणतो, एक गड धरा आणि उन्हाळा, पावसाळा, थंडी तिन्ही बघा. आमचं रामशेजला सारखं जाणं असतं, मुघलांना पाच वर्षांहून जास्त झुंजवलेला गड पण चढायला सोपा, आईवडिलांनाही नेता येतं. पायथ्याला आशेवाडीत एक मावशी आहेत, आधी पोराची परीक्षा कशी गेली ते विचारतात, मग भाकरी टाकायला घेतात.

या रविवारी परत चाललोय. एकटे असाल, शहरात नवीन असाल तर नक्की या, गाडीत जागा करतो. उतरताना गावातल्या पोरांबरोबर वाटेवरचा कचरा गोळा करायचाय, जाड पिशव्या तेवढ्या घेऊन या.