बीपीचा खालचा आकडा ७८ आहे म्हणून निर्धास्त राहू नका काका (एका प्रतिक्रियेला उत्तर)

काका, तुम्ही वय ६४ लिहिलंय म्हणून काका म्हणते, चालेल ना. तुमची कमेंट काल रात्री वाचली आणि आज सकाळी परत वाचली, दोन ओळीत उत्तर देऊन भागणार नाही म्हणून सविस्तर लिहितेय.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. मागच्या लेखात मी लिहिलं होतं की मोठ्या माणसाचं बीपी १२०/८० च्या आत असेल तर उत्तम. त्यावर काकांचं म्हणणं असं की पूर्वी "वय अधिक १००" असा सरळ हिशोब होता, त्या हिशोबाने त्यांचं १५८/७८ अगदी ठीक आहे, खालचा आकडा तर तरण्या पोराचा आहे, रोज चार किलोमीटर चालतात, डोकं दुखत नाही, चक्कर येत नाही, आणि हे आकडे खाली खाली आणायचा उद्योग औषध कंपन्यांचा आहे तेव्हा लोकांना घाबरवायचं बंद करा.

आधी माझी चूक. मी १२०/८० असं एका वाक्यात लिहून मोकळी झाले, त्यामुळे १२६ आलं की आजार झाला असा अर्थ निघतो, आणि तो अर्थ चुकीचाच आहे. १२० च्या आत उत्तम, पण क्लिनिकमधे परत परत मोजून १४०/९० किंवा वर येत असेल तरच आपल्याकडे आणि युरोपात त्याला हायपरटेन्शन, म्हणजे बीपीचा आजार, म्हणतात. अमेरिकेने २०१७ मधे ती रेघ १३०/८० वर आणली आणि तिथले निम्म्याच्या आसपास मोठे लोक एका झटक्यात बीपीवाले ठरले, यावर डॉक्टरांमधेही भरपूर वाद झालेत, त्यामुळे तुमचा संशय अगदीच हवेतला नाही. पण काका, १५८ हा त्या वादातला आकडा नाहीये. तो जुन्या रेघेच्याही वर आहे, नव्या रेघेच्याही.

आता तुमचा तो ७८, ज्याच्यावर तुमचा सगळा भरवसा आहे. मला खरं तर त्याचीच जास्त काळजी वाटली. आपली मोठी रक्तवाहिनी तरुणपणी लवचिक असते, हृदयाने रक्त ढकललं की ती फुगते, थोडा दाब पोटात घेते, आणि दोन ठोक्यांच्या मधल्या वेळात परत आवळून तेच रक्त पुढे ढकलते. म्हणून वरचा आकडा फार चढत नाही आणि खालचा फार पडत नाही. वय वाढलं, वाहिनी कडक झाली, उन्हात पडून पडून बागेतली रबरी नळी होते तशी, की ती फुगत नाही म्हणून वरचा चढतो आणि आवळत नाही म्हणून खालचा उतरतो. म्हणजे तुमच्या वयात वरचा १५८ आणि खालचा ७८ हे तरुण वाहिनीचं लक्षण नाही, बरोब्बर उलटं आहे. साठीच्या पुढे वरच्याच आकड्याकडे जास्त बघायचं ते यासाठी.

माझ्या वडिलांचं असंच होतं म्हणून हे एवढं कळकळीने सांगतेय. अण्णा ६७ चे होते, बीपी १६४/८०, आणि आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी दोन वर्षं "वयाच्या मानाने ठीक आहे" असंच सांगितलं, आम्हीही खूश. एक दिवस सकाळी चहा पीत होते, बशी उजव्या हातात, आणि चहा बशीतून सांडून पायजम्यावर पडतोय, गरम चहा, तरी ते काही हालचाल करेनात, माझ्याकडे नुसते बघत राहिले. बोलायला गेले तर शब्द जड. लकवा होता तो. त्याच्या आदल्या संध्याकाळी ते बाजारातून दोन पिशव्या घेऊन चालत आले होते. त्रास काहीच नव्हता काका, तुमच्यासारखाच. बीपी बहुतेकांना काही जाणवू देत नाही, म्हणून तर मोजावं लागतं.

"वय अधिक १००" हा हिशोब कुठून आला तर बहुतेकांचं वरचं बीपी वयाबरोबर वाढतं तिथून. पण बहुतेकांचं होतं म्हणजे चांगलं असं कुठेय, साठीनंतर मोतीबिंदूही बहुतेकांना होतो, तो काय आपण वयाप्रमाणे नॉर्मल म्हणून डोळ्यात ठेवतो का. आणि वाढलंच पाहिजे असंही नाही, ॲमेझॉनच्या जंगलातले यानोमामी लोक जवळजवळ मीठ खातच नाहीत आणि त्यांचं बीपी म्हातारपणी सुद्धा वाढत नाही. जुन्या काळी मोठमोठे डॉक्टर पण वयाबरोबर बीपी वाढणं ठीकच असं समजायचे. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांचं बीपी मार्च १९४४ मधे १८६/१०८ होतं आणि त्यांचे खासगी डॉक्टर वयाच्या मानाने तब्येत चांगली आहे असंच सांगत राहिले. १२ एप्रिल १९४५ ला मेंदूत रक्तस्राव होऊन ते गेले, वय ६३. तेव्हा धड औषधंही नव्हती. पुढे १९४८ पासून अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावातल्या हजारो लोकांना वर्षानुवर्षं तपासत राहिले तेव्हा कुठे हळूहळू कळलं की म्हातारपणातलं वाढलेलं बीपी सुद्धा नुकसान करतं.

कंपन्यांचं म्हणाल तर त्या नफा बघणारच. पण १९९१ चा अमेरिकेतला शेप नावाचा अभ्यास बघा, साठीच्या पुढचे ४७३६ लोक, वरचा आकडा १६० किंवा जास्त आणि खालचा ९० च्या आत, म्हणजे जवळपास तुमचीच केस. क्लोरथॅलिडोन ही जुनी स्वस्त गोळी ज्यांना सुरू केली त्यांच्यात लकव्याचं प्रमाण एक तृतीयांशाहून जास्त कमी झालं. तो अभ्यास सरकारी संस्थांनी केलेला. आणि बीपीच्या नेहमीच्या गोळ्या जेनेरिक मधे खूप स्वस्त पडतात, सरकारी दवाखान्यात तर फुकट.

तरी मी तुम्हाला गोळी सुरू करा म्हणत नाहीये, ते मी ठरवणारी कोण. तुम्ही लिहिलंय की १५८ मेडिकलवाल्याकडे उभ्याउभ्या मोजलं, चालून आल्यावर, फुल शर्टाच्या बाहीवरून. तो आकडा धरायचाच नाही. घरी दंडावर बांधायचं मशीन आणा, मनगटाचं नको, आणि दंड जाड असेल तर मोठा पट्टा मागून घ्या कारण लहान पट्ट्यात बीपी उगाच जास्त येतं. लघवीला जाऊन या, अर्धा तास आधी चहा तंबाखू नको, पाठ टेकून पाच मिनिटं गप्प बसा, पाय जमिनीवर, मांडीवर मांडी नाही, उघडा दंड छातीच्या उंचीला टेबलावर. आणि मोजताना काकूंशी बोलायचं नाही, बोलण्याने सुद्धा वाढतं. सकाळी दोनदा, संध्याकाळी दोनदा, सात दिवस, आलेला प्रत्येक आकडा वहीत लिहा, पहिला दिवस सोडून बाकीच्यांची सरासरी काढा. घरच्या मोजणीत रेघ १३५/८५ ची असते. सरासरी त्याच्या आत आली तर मला इथे हक्काने सुनवा, मला आनंदच होईल. वर आली तर ती वही घेऊन डॉक्टरांकडे जा, गुडघ्यासाठी पेनकिलर घेत असाल तर तेही सांगा, त्यानेही बीपी चढतं, आणि उभं राहिल्यावरचं बीपी पण मोजायला सांगा, या वयात उठल्यावर एकदम पडत असेल तर गोळीचा डोस बेताने लागतो. मधेच कधी १८०/१२० च्या वर गेलं आणि छातीत दुखलं, धाप लागली, जीभ जड झाली तर वही बिही राहू दे, तडक हॉस्पिटल.

आणि सैंधव खातो म्हणून मिठाचा प्रश्न नाही असं जे शेवटी लिहिलंय, काका, सैंधव पण मीठच आहे, सोडियम जवळपास तेवढंच. दिवसाला सगळं मिळून मीठ चहाच्या एका सपाट चमच्याच्या आत, त्यातच लोणचं पापड आलं.

सात दिवसांनी आकडे इथेच टाका, मी वाट बघतेय.