वाढदिवसाचे पंधरा डॉलर

फ्लोरिडात राहायला आल्यापासून माझ्या वाढदिवसाला केकच्या आधी गाडीच्या रजिस्ट्रेशनची नोटीस येते. इथे रजिस्ट्रेशनची मुदत मालकाच्या वाढदिवशी संपते, त्यामुळे विसरायची सोयच नाही. माझ्या बिलात दरवर्षी १५ डॉलर जादा लागतात, ते माझ्या नंबरप्लेटचे. 'फ्लोरिडा सॅल्यूट्स व्हेटरन्स' नावाची ही प्लेट कुणालाही घेता येते. पैसे जातात माजी सैनिकांसाठी राज्य सरकार चालवत असलेल्या निवासांच्या निधीत. डेटोना बीच, पेम्ब्रोक पाइन्स, पोर्ट शार्लट अशा ठिकाणी ही निवासं आहेत. 'सपोर्ट अवर ट्रूप्स' ही प्लेट वेगळी. तिचे वर्षाला २५ डॉलर, आणि ते त्याच नावाच्या संस्थेला जातात.

गेल्या वर्षी गॅस स्टेशनवर एक आजोबा माझ्या गाडीमागे येऊन थांबले. डोक्यावर व्हिएतनाम युद्धातल्या सैनिकांची ती काळी टोपी. "कुठल्या दलात होतास?" मी पार कानकोंडा. म्हटलं, "मी कसला सैनिक, सॉफ्टवेअरवाला आहे. प्लेट फक्त देणगीसाठी घेतलीय." ते वाकले, प्लेटवरच्या स्टिकरवर बोटाने टिचकी मारली आणि म्हणाले, "मग डेटोनात माझा दोस्त झोपतो ना, त्या पलंगाचा एखादा स्क्रू तुझा." आणि आपल्याच विनोदावर खोकला येईपर्यंत हसले.

खऱ्या सैनिकांच्या प्लेटा निराळ्या असतात, जखमी सैनिकांना मिळणाऱ्या 'पर्पल हार्ट' पदकाच्या प्लेटसारख्या. त्यांना कागदपत्रं दाखवावी लागतात. पण रस्त्यावर मागून बघणाऱ्याला हा फरक काय कळणार? देणगीची प्लेट देणगीचीच दिसावी, एवढी माझी तक्रार आहे.

आमच्या ग्रुपवर एकाने विचारलं, सैनिकांना म्हातारपणी सांभाळायचं काम सरकारचं, त्यासाठी प्लेटा कसल्या विकता? मुद्दा बिनतोड आहे. पण माणूस हौसेला जितक्या सहज पैसे काढतो तितके कराला काढत नाही, हेही तितकंच खरं. फ्लोरिडात हा प्रकार सुरू झाला तो १९८७ साली, चॅलेंजर यानाच्या दुर्घटनेनंतर निघालेल्या प्लेटपासून. आता शंभराहून जास्त प्रकार आहेत. मॅनाटी म्हणजे समुद्री गाई, समुद्री कासवं, कॉलेजं, काय वाट्टेल ते.

आणि हौसेत आपण काय कमी आहोत? ४१४१ म्हणजे 'दादा', ८०५५ म्हणजे 'बॉस', आणि ०००१ साठी तर लोक आरटीओत लाखो रुपये मोजतात! ते सगळे सरकारी तिजोरीत. एचएसआरपी म्हणजे हाय सिक्युरिटी नंबरप्लेटच्या सक्तीमुळे आपल्याकडे प्लेटवर चित्रबित्र काही चालणार नाही, आणि ते बरंच आहे. पण फॅन्सी नंबरच्या अर्जात, आजी-माजी सैनिकांच्या कल्याणासाठी असलेल्या 'ध्वजदिन निधीला इतके टक्के' असा एक रकाना टाकायला काय हरकत आहे? सध्या ७ डिसेंबरचा ध्वजदिन जवळ आला की जिल्ह्याजिल्ह्याला निधीचं उद्दिष्ट येतं आणि सरकारी कचेऱ्यांत पावतीपुस्तकं फिरतात. शाळेत बाई डबा घेऊन यायच्या, आम्ही चार आणे टाकायचो, टाचणीने छातीवर कागदी झेंडा लावायचो. संध्याकाळी तो दप्तराच्या तळाशी चुरगळलेला सापडायचा. ते चार आणे कुठे जातात हे आम्हाला कुणी सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही. खडकीला पाठीच्या कण्याला इजा झालेल्या जवानांचं पुनर्वसन केंद्र आहे आणि त्याला या निधीतून मदत मिळते, हे मला तिशीत कळलं.

असो. फ्लोरिडातल्या मंडळींनो, तुमचा वाढदिवस कधी असतो?