सोळा आणे गेले, चैत्र मात्र हलला नाही

१९५७ म्हटलं की लोक थेट स्पुटनिकवर जातात. ४ ऑक्टोबर, ८३.६ किलोचा गोळा, रेडिओवर बीप-बीप, मग महिनाभरात लायका. ठीक आहे. पण आमच्या घरात ते साल वेगळ्याच कारणाने निघायचं. आजोबांचं किराणा दुकान होतं आणि त्यांच्या लेखी १९५७ म्हणजे 'हिशेब बाटला ते वर्ष'.

१ एप्रिल १९५७ला नवा पैसा आला. सोमवार होता आणि गुढीपाडवाही. (त्याच संध्याकाळी बीबीसीने स्वित्झर्लंडमध्ये झाडांवरून शेवया तोडतानाची बातमी दाखवली आणि अनेक इंग्रजांनी ती खरी मानली! आपल्याकडेही नवा पैसा म्हणजे सरकारचं एप्रिल फूल, असं कुणीतरी म्हणालंच असणार.)

तोवर रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे, पैशाच्या तीन पै. म्हणजे रुपयाचे ६४ पैसे. आता झाले १००. एक आणा म्हणजे सव्वासहा नवे पैसे, आणि पाव पैशाचं नाणं काही निघत नाही. म्हणून सरकारने तक्ता दिला: एक आणा ६, दोन आणे १२, तीन आणे १९, चार आणे २५. आजोबांनी तो दुकानात गल्ल्याच्या वर चिकटवला होता.

गंमत अशी की एक-एक आण्याच्या तीन वस्तू वेगवेगळ्या घेतल्या तर १८ पैसे, आणि एकदम घेतल्या तर १९. बायकांना हे दुसऱ्या दिवशीच कळलं. एकीने तीन आण्यांची चहापूड घेऊन चार आण्यांची पावली टाकली, आजोबांनी सहा नवे पैसे हातावर ठेवले. तिने ते तीनदा मोजले. पूर्वी आण्याचे चारच यायचे, आता सहा. खूशही होईना, विश्वासही बसेना. "एवढेसे गुंडीसारखे, हे पैसे तरी चालतात का?" आजोबा ही गोष्ट तिच्या आवाजाची नक्कल करून सांगायचे.

पण तक्त्याची खरी झळ लहान खरेदीला बसली. जुना एक पैसा म्हणजे दीड नव्या पैशाहून थोडा जास्त, तक्त्यात मात्र त्याचे २. पैशाची पेपरमिंट, पैशाची बडीशेप घेणाऱ्याने चारदा घेतलं की आण्याचे ६ नव्हे, ८ गेले. किलोने (तेव्हा शेराने म्हणा) घेणाऱ्याला काय फरक पडणार? ज्याची खरेदी पैशा-पैशाची, त्याच्याच खिशातून ही पूर्णांकाची भरपाई झाली. दशमान पद्धत सोपी होती, शहाणपणाची होती, हे मला मान्य आहे. पण 'जनतेने हसत स्वीकारली' असं कुणी लिहिलं की मला त्या पेपरमिंटवाल्या पोरांची आठवण होते.

पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी हे अपूर्णांकांचे पाढे पाठ केलेल्या माणसांची तर एका दिवसात पुंजीच गेली. आजोबा मरेपर्यंत पाऊणकी म्हणायचे, उगीच, अंघोळ करताना.

आता दुसरी गोष्ट, जी फारशी कुणी सांगत नाही. याच सरकारने अवघे दहा दिवस आधी, २२ मार्चला, आपलं कॅलेंडरही बदललं होतं. भौतिकशास्त्रज्ञ मेघनाद साहांच्या समितीने सुचवलेली, सूर्यावर चालणारी राष्ट्रीय दिनदर्शिका; तिचा पहिला दिवस १ चैत्र शके १८७९. एका पंधरवड्यात पैसा आणि काळ, दोन्ही नवे! पैसा रुजला. १९६४च्या १ जूनला त्याच्या नावातला 'नया'सुद्धा गळाला. कॅलेंडर मात्र गॅझेटात आणि आकाशवाणीच्या निवेदनात राहिलं.

का? माझं मत: नवा पैसा टाळता येत नव्हता, रोज भाजीवाली तो हातात ठेवत होती. सौर चैत्र सहज टाळता येत होता. आणि नाव 'चैत्र'च ठेवून घोटाळा केला. २२ मार्चला आमच्याकडे फाल्गुन वद्य चालू होतं, रंगपंचमी नुकतीच झालेली. ज्या दिवशी दारात गुढी उभी राहिली, त्या दिवशी सरकारी चैत्राची ११ तारीख होती. गणित चोख असेल, पण गुढीशिवाय चैत्र सुरू झालाय हे आमच्या आजीला कोण पटवणार होतं? शालिवाहन शक तर आम्ही आधीपासूनच वापरत होतो!

या राष्ट्रीय दिनदर्शिकेतली तारीख घातलेला चेक बँकेने नाकारू नये असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. २०२३ साली हौसेने मी एक लिहिला, '१५ भाद्रपद १९४५'. खिडकीतल्या मुलीने उलटसुलट पाहिला. "काका, हा १९४५ सालचा आहे. तेव्हा तर तुमचा जन्मही झाला नसेल." मी शके-बिके सांगायला लागलो. मागे रांग वाढली. मागचे गृहस्थ म्हणाले, "अहो, सोळा आणे खरं आहे तुमचं, पण साधी तारीख टाका आणि मोकळे व्हा."

टाकली.