मालकासमोर ‘नाही’ म्हणणारा पोरगा: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार दादा,

तुमची प्रतिक्रिया रागाची आहे, पण मुद्द्याला धरून आहे. दोन ओळींत आभार मानून सुटण्यासारखी ती नाही.

ज्यांनी आधीचा लेख वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मंगळवारी सकाळी दिंडोरीकडच्या आमच्या द्राक्षाच्या पॅकहाऊसमधून (निर्यातीचा माल निवडून बॉक्समध्ये भरतात ती जागा) नेदरलँड्सच्या खरेदीदाराशी व्हिडिओ कॉल चालू होता. त्याने विचारलं, गुरुवारी कंटेनर भरणार ना? मालक म्हणाले, भरणार. मालाचा दर्जा तपासणारा क्वालिटीचा पोरगा मधेच बोलला: त्या प्लॉटची साखर १५.२ ब्रिक्स आहे, गुरुवारी नाही होणार, रविवार धरा. (ब्रिक्स म्हणजे रसातल्या साखरेचं माप.) मी त्याचं कौतुक केलं. तुम्ही लिहिलंत की हा उद्धटपणा आहे, परक्या माणसासमोर त्याने मालकाचं नाक कापलं, मोठ्यांचा शब्द राखणं ही आपली रीत आहे आणि मी पोरांना साहेबी चाल शिकवते आहे.

आधी तुमचं जे पटलं ते सांगते. डच माणसाच्या फटकळपणाला आपण फार भाबडेपणाने सचोटी समजतो. हाच गृहस्थ मणी १८ मिलिमीटरला जरा कमी भरला तर तोंडावर सांगतो, देठ सुकलेला दिसला तर फोटोवर लाल गोल मारून पाठवतो. पण सुपरमार्केटने त्याची स्वतःची ऑर्डर कापली होती, हे मात्र आमचा माल बोटीवर चढेपर्यंत त्याने सांगितलं नाही. आमची खोट काढताना जीभ सैल, स्वतःची अडचण सांगायची वेळ आली की गप्प! शिवाय खरेदीदाराला ‘नाही’ म्हणायला खर्च येत नाही, आपण ‘नाही’ म्हटलं की पुढच्या हंगामाची ऑर्डर टांगणीला लागते. स्पष्ट बोलण्याचे धडे नेहमी विकणाऱ्यालाच का, हा तुमचा सवाल रास्त आहे.

‘आपली रीत’ म्हणालात तिथे मात्र मी अडते. परदेशी ग्राहकांशी कसं वागावं याच्या ट्रेनिंगमध्ये हॉफस्टेड या डच अभ्यासकाचे आकडे हमखास दाखवतात. वरिष्ठ-कनिष्ठातलं अंतर माणसं किती निमूट मान्य करतात त्याचा निर्देशांक: भारत ७७, नेदरलँड्स ३८. सगळे माना डोलावतात, बघा, आपण असेच. पण हा अभ्यास उभा राहिला तो १९६७ ते १९७३ या काळात आयबीएमच्या कर्मचाऱ्यांकडून भरून घेतलेल्या प्रश्नावल्यांवर. एका संगणक कंपनीतले नोकरदार. त्यात निफाडचा शेतकरी कुठून येणार? लासलगावला कांद्याचा भाव पडला की लिलाव बंद पाडणारी माणसं आपलीच ना? तिथे व्यापाऱ्याचा मुलाहिजा कोण ठेवतं? त्याच घरातला पोरगा पॅकहाऊसमध्ये पगारावर लागला की मालकासमोर मान खाली घालतो. संस्कार तेच, घर तेच. त्याला धाक आहे तो उद्या कामावर राहू की नाही याचा, आणि त्या धाकाला आपण रीत म्हणतो.

आता द्राक्षाकडे या, कारण इथे भिडस्तपणा लपत नाही. केळी, आंबा काढल्यावर पिकतात. द्राक्ष तोडल्यावर पिकत नाही. वेलीवरून १५.२ ने उतरलेला घड रॉटरडॅमलाही गोड होत नाही. या खरेदीदाराला १६ च्या खाली माल चालत नाही. न्हावा शेव्याहून निघालेली बोट २०२३ च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली, म्हणजे प्रवास साधारण दोन आठवड्यांनी लांबला. मंगळवारी मालकाचा शब्द राखला असता, तर तो महिना-सव्वा महिन्याने तिकडच्या कोल्ड स्टोअरमध्ये पडला असता, भाड्याच्या बिलासकट.

आणि २०१० साल नाशिकचा द्राक्षवाला विसरलेला नाही. वेलीची वाढ आवरायला मारतात त्या क्लोरमेक्वाट क्लोराइड या औषधाचे अंश आपल्या द्राक्षांत युरोपात सापडले आणि कंटेनर अडकले. तिथली मर्यादा होती किलोला ०.०५ मिलिग्रॅम. आपल्याकडे रेसिड्यू तपासणी, म्हणजे फळात उरलेल्या औषधांची तपासणी, ज्या यादीवर चालायची, त्यात हे औषध नव्हतंच. नंतर ते घातलं गेलं. कागद खोटे नव्हते, रिपोर्टही खोटे नव्हते. बागेत काय मारतात हे मात्र फवारणी करणाऱ्याला ठाऊक असतं. म्हणून खालच्या माणसाने न विचारता बोलावं असं मला वाटतं. तो बोलला नाही तर वरच्याला प्रश्नच सुचत नाही.

नाक कापल्याबद्दल. मी समोर होते. मालक क्षणभर थांबले, मग कॅमेऱ्याकडे बघून म्हणाले, “तो म्हणतो ते बरोबर. रविवार.” डच गृहस्थाने एवढंच विचारलं की गुरुवारी दुसऱ्या प्लॉटचे किती बॉक्स देता येतील. पोराचं धैर्य सगळ्यांना दिसलं. मला मालकांचा तो एक क्षण जास्त मोठा वाटतो. त्यांनी त्याला नंतर केबिनमध्ये झापला असता तर पुढच्या कॉलला पोरगा गप्प बसला असता, आणि मग मी कितीही लेख लिहून उपयोग नव्हता.

तरी तुमच्या बोलण्यातून एक गोष्ट घेतली. आता कॉलच्या आधी सगळ्या प्लॉटचं ब्रिक्स फळ्यावर लिहिलं जातं आणि मालक ते बघूनच कॉलला बसतात. वेगळं काही बोलायची वेळ आली तर निदान ती आकडा माहीत असताना येते. (कधी कधी आकडा बघूनही ते “भरू हो” म्हणतात, तो भाग वेगळा. तेव्हा पोरगा खोकतो.)

राहिलं त्याच्या मोडक्या इंग्रजीचं, ज्यावर तुम्ही दोन ओळी खर्च केल्यात. ती त्या डच माणसाचीही मातृभाषा नाही. दोघं एकमेकांना रिफ्रॅक्टोमीटरचे, म्हणजे साखर मोजायच्या यंत्राचे, फोटो पाठवतात आणि अजून तरी कुणाला आकडा वाचायला अडचण आलेली नाही.