बाबांची डबी

बाबांना पार्किन्सन्स होऊन नऊ वर्षं झाली. सकाळी ६, १०, दुपारी २, संध्याकाळी ६, रात्री १०. सिंडोपाच्या, म्हणजे अंग मोकळं ठेवणाऱ्या गोळीच्या, पाच वेळा, मोबाईलमध्ये पाच अलार्म. गोळी जेवणाच्या अर्धा तास आधी, कारण जेवणातलं प्रोटीन तिला पोटात अडवतं. नौपाड्यातल्या आमच्या घरात या विषयावर बाबांना शिकवायला कुणी जात नाही.

गेल्या महिन्यात न्यूमोनिया झाला म्हणून ठाण्यातल्याच एका हॉस्पिटलात ॲडमिट केलं. सिस्टरनी आधी गोळ्यांची डबी काढून घेतली. "काका, टेन्शन नका घेऊ, आता आम्ही देऊ ना!"

दिल्या की. त्यांच्या राउंडला. १० ची साडेअकराला, २ ची तीन वाजता जेवणाच्या ताटासोबत. चार वाजेपर्यंत बाबांना कुशीवर वळता येईना, मूठ उघडेना. फाइलवर शेरा : पेशंट सहकार्य करत नाही.

मग आईने तेच केलं जे आपल्याकडे सगळेच करतात. जेवणाच्या पिशवीत, पोळ्यांच्या डब्याखाली, दुसरी स्ट्रिप. दोन दिवस बाबा चोरून वेळेवर गोळी घेत होते आणि सिस्टरची गोळी उशीखाली जात होती. माझा राग या चोरीवर आहे. विसरून दोन्ही घेतल्या असत्या तर? आणि फाइल वाचून डॉक्टरांनी डोस वाढवला असता तर?

सिस्टरना दोष देत नाही, एकटी बाई किती खाटा सांभाळणार! आणि सगळ्यांच्याच हातात डबी द्या असंही नाही. ऑपरेशनची गुंगी असेल, तापात बरळत असेल, तर नकोच. पण विचारून, तपासून ठरवता येतं. ब्रिटनमध्ये कित्येक हॉस्पिटलांत खाटेशेजारी औषधांचं कुलूपबंद कपाट असतं. पेशंट स्वतः घेतो, सिस्टर नोंद ठेवते. आपल्याकडे हॉस्पिटलांना दर्जाची मान्यता देणाऱ्या एनएबीएचच्या मानकांतही पेशंटने स्वतः औषध घेण्याबद्दल आणि घरून आणलेल्या औषधांबद्दल नियम ठरवा, असं आहे. वॉर्डात विचारलं तर सिस्टर म्हणाल्या, "असं कुठे असतं?"

तिसऱ्या दिवशी मी उशीखालच्या गोळ्या मोठ्या डॉक्टरांसमोर ठेवल्या. ते रागावले, मग हसले, मग फाइलवर लिहिलं : स्वतःची औषधं स्वतः घेतील, वेळ नोंदवावी. संध्याकाळी बाबा काठी घेऊन बाथरूमपर्यंत गेले.

डिस्चार्जच्या कागदावर सिंडोपापुढे १-१-१ होतं, म्हणजे दिवसातून तीनदाच. बाबांनी काउंटरवरचं पेन मागून घेतलं.